लायपोचा पावसाळा आणि ग्लायडरसाठी २१७०० चा पॅक

जूनपासून सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर) गवत कमरेएवढं, वर ढग टेकलेले, त्यामुळे आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे चारेक महिने रिमोटवर उडवायची मॉडेल विमानं भिंतीवर आणि त्यांचे लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचे पॅक, डब्यात. आता पाऊस ओसरलाय म्हणून डबा उघडला आणि एकेक पॅक मोजून वहीत लिहिला. ज्यांचे पॅक अजून कपाटातच आहेत त्यांनी थेट फुल चार्जला लावायच्या आधी हे वाचा.

मेच्या शेवटी सगळे पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर (अर्धवट चार्जवर ठेवून द्यायची सोय) टाकून सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवले होते. परदेशातले लोक थंडीवर पानंच्या पानं लिहितात, बॅटरी खिशात ठेवा, उडवायच्या आधी गरम करा वगैरे, कारण थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. आपल्याकडे त्याचा काडीचा उपयोग नाही, आपला शत्रू उलटा आहे. ऊन आणि वर फुल चार्ज, म्हणजे ४.२० ला भरलेला पॅक एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत पडून राहिला की आतला इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडत जातो, त्यातून गॅस होतो आणि पॅक फुगतो. शिरोड्याच्या एका मित्राचे दोन पॅक असेच गेले, "पाऊस उघडला की लगेच उडवता यावं" म्हणून त्याने भरूनच ठेवले होते, आता उशी झालीय दोघांची. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही, तो दाबून सपाट होईल असं ज्याला वाटतं त्याने निदान घरात तरी हा प्रयोग करू नये. आम्ही ते दोन्ही अंगणात गाडीच्या हेडलाइटच्या बल्बवर पूर्ण रिकामे केले, उघड्यावर, खाली लादी, बाजूला वाळूची बादली.

फ्रिजमध्ये ठेवू का असं बरेचजण विचारतात. थंडीत सेल कमी म्हातारा होतो हे खरं, पण आपल्या दमटपणात फ्रिजमधून काढलेल्या पॅकवर क्षणात दव जमतं, कनेक्टरवर आणि बॅलन्स लीडच्या (प्रत्येक सेलला वेगळी जोडलेली बारीक वायर) पिनांवरसुद्धा. मी नाही ठेवत. घरातली थंड कोरडी जागा आणि डब्यात सिलिका जेल एवढं पुरतं, जेल मात्र मधून मधून तव्यावर सुकवावं लागतं.

आता मोजमाप. व्होल्टेज सगळ्यांचं जवळपास जिथल्या तिथे होतं, लायपो नुसता पडून फारसा उतरत नाही, त्यामुळे ज्याचा एकच सेल बाकीच्यांपेक्षा खाली आलेला दिसतो त्याच्यावर लगेच संशय घ्यायचा. माझ्या एका ३एस २२०० मध्ये (एकापुढे एक जोडलेले तीन सेल, २२०० एमएएच क्षमता) मधला सेल ३.६२ आणि शेजारचे दोन ३.८३. बॅलन्स करून (चार्जरने तिन्ही सेल एकाच व्होल्टेजला आणून) दोन दिवस ठेवला तर पुन्हा तोच खाली, म्हणजे सेल आतून गळतोय. तो पॅक बाद, मोह नको.

त्याहून जास्त कळतं ते सेलच्या अंतर्गत रोधावरून. माझ्याकडे एकाच स्टिकरचे दोन पॅक आहेत, दोन्हीवर ४०सी छापलंय, म्हणजे क्षमतेच्या चाळीसपट करंट देईन असा दावा. हिशोबाने २.२ गुणिले ४० म्हणजे ८८ अँपियर झाले, पण ८८ अँपियर ओढून बघायची हिंमत स्टिकर छापणाऱ्यानेही केली नसेल. त्यातल्या एकाचे सेल ४, ४, ५ मिलीओहम आणि दुसऱ्याचे ११, १२, १९. स्टिकर तेच, पण दुसरा फुल थ्रॉटलला अर्ध्या फ्लाइटमध्येच धापा टाकतो आणि उतरल्यावर हाताला चांगलाच गरम लागतो. म्हणून नवीन पॅक आला की पहिल्याच दिवशी रोध मोजून टेपवर तारखेसकट लिहायचा, आणि नंतर मोजताना शक्यतो तेवढ्याच तापमानाला आणि तेवढ्याच चार्जवर मोजायचा, नाहीतर तुलना फुकट. शिवाय दोन चार्जरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, तेव्हा आयुष्यभर एकच चार्जर धरून राहा.

बरं, आता खरी मजा. दोन मीटर पंखांच्या मोटर ग्लायडरसाठी (मोटरने वर चढायचं आणि मग मोटर बंद करून तरंगायचं असं विमान) लायपोऐवजी लिथियम आयनचा पॅक बांधायचं कधीपासून डोक्यात होतं, पावसात रिकामा वेळ होता, बांधला. मोलिसेल कंपनीचे पी४२ए सेल, २१७०० साइज (२१ मिलिमीटर जाड, ७० लांब), ४२०० एमएएच, डेटाशीटवर ४५ अँपियर. एका सेलचं वजन ७० ग्रॅम, तीन सेल, वायर आणि कनेक्टर धरून पॅक २३५ ग्रॅमच्या आसपास गेला. माझा २२०० चा लायपो १८५ ग्रॅमचा, म्हणजे पन्नासेक ग्रॅम जास्त देऊन क्षमता जवळजवळ दुप्पट, सौदा वाईट नाही. सेल ओळखीच्या दुकानातूनच घ्या. ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) सेल स्वस्तात मिळतो तो निव्वळ खोटा, नावाजलेल्या कंपन्या त्या साइजमध्ये ३५०० च्या आसपास देतात.

सेलवर सोल्डरिंग गन टेकवायची नाही, स्पॉट वेल्डच करायचं, म्हणजे क्षणभर मोठा करंट सोडून पट्टी सेलला चिकटवायची. निकेलच्या पट्टीचा एक थर वीस अँपियरला कमी पडतो म्हणून थर चढवले. पट्टी खरंच निकेलची आहे की नुसता मुलामा दिलेलं पोलाद हे बघायला तुकडा घासून मिठाच्या पाण्यात टाकला. पोलाद असेल तर गंजतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर ते पॅकच्या आतही गंजेल. शॉर्ट होऊ नये म्हणून पॉझिटिव्हच्या टोकाला कागदी वॉशर विसरू नका. फ्यूजलाज (विमानाचं धड) अरुंद असल्यामुळे दोन सेल शेजारी आणि एक पुढे असा बांधला, त्यामुळे नाकातलं शिसं काढून टाकता आलं आणि वाढलेल्या वजनातलं बरंचसं तिथेच वसूल झालं.

पहिली उड्डाणं सकाळी सड्यावर केली (दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांपासून आम्ही लांब आहोत, तरी डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवायला परवानगी आहे ते दाखवणारा सरकारी नकाशा बघूनच जातो). फरक हात सोडताच कळतो. लायपोवर २२ अँपियर ओढणारी मोटर इथे २० वर येते, कारण या सेलचा रोध १५ मिलीओहमच्या आसपास, म्हणजे २० अँपियरला सेलमागे ०.३ आणि पॅकमागे ०.९ व्होल्ट तिथेच खाली बसले. नाक वर करून रॉकेटसारखं चढणं विसरा, जरा तिरकं, निवांत चढतं. पण अर्ध्या मिनिटाच्या एका चढाईला १७० एमएएचच्या आतच जातात, लायपो ऐंशी टक्के वापरला तर तशा दहाएक चढाया, यावर वीस तरी सहज. दहाच्या पुढे सडा तापला की चिऱ्याच्या उघड्या कातळावर थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सुटतात, घारी कुठे गिरक्या घेतायत ते बघायचं आणि त्यांच्याखाली जाऊन मोटर बंद.

ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो मोटर तोडतो ते, मात्र बदलावा लागतो. लायपोला सेलमागे ३.३ वर ठेवलेला असेल तर इथे निम्मा पॅक शिल्लक असतानाच मोटर तुटक तुटक चालायला लागेल. डेटाशीट २.५ पर्यंत जायला देते, मी लोडखाली ३.० ठेवलाय, त्याखाली तसंही फार काही उरत नाही. चार्जिंग ४.२० पर्यंतच, मी २ अँपियरने करतो, दोन तासांच्या वर लागतात, म्हणजे मैदानावर भरून परत उडवायचं विसरा, रात्रीच भरून न्यायचा.

थ्रीडी (कसरती उडवणारे) किंवा डक्टेड फॅनवाल्यांनी (नळीतल्या पंख्याची जेटसारखी मॉडेलं) इकडे वळू नका, तिथे ४ मिलीओहमचा लायपोच हवा. माझ्या छोट्या वॉरबर्डमध्येही (लढाऊ विमानाचं मॉडेल) लायपोच राहणार. ग्लायडरमध्ये सध्या पॅकला कापडी पट्टीने बांधलाय आणि कॅनोपीला (कॉकपिटवरचं झाकण) हवेसाठी एक भोक पाडलंय, कारण वीस अँपियरला तिन्ही सेल मिळून १८ वॅट नुसती उष्णता काढतात. उतरल्यावर मोजलं तर ४४ डिग्री होतं, आणि हे ऑक्टोबरमधलं. मार्च-एप्रिलसाठी बहुतेक दुसरं भोक लागेल, मागच्या बाजूला, हवा बाहेर जायला.