कान एका जहाजाचे, घाव दुसऱ्याचा: कॅप्टन वॉकर यांची शिकार

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांची शिकार करणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण पदकांपासून सुरुवात करतात. डीएसओ हे लष्करी पदक, त्यावर तीन बार (म्हणजे तेच पदक आणखी तीनदा), शिवाय सीबी हा किताब. पण ही पदकं कशाची, हे कळायला आधी एस्डिकची एक खोड समजून घ्यावी लागते.

एस्डिक म्हणजे त्या काळचं सोनार. त्याचा ध्वनीझोत जहाजाच्या पुढे जवळजवळ आडवा जायचा. त्यामुळे जहाज पाणबुडीच्या जवळ आलं की ती झोताच्या खाली निसटायची आणि संपर्क तुटायचा. पाणबुडी जितकी खोल, तितका तो लवकर तुटायचा. डेप्थ चार्ज (ठरावीक खोलीवर फुटणारे पाण्यातले बॉम्ब) मात्र जहाजाच्या मागून आणि बाजूंनी टाकायचे. म्हणजे शेवटचं अंतर आंधळेपणानेच कापायचं!

हिशेब करून बघा. पाणबुडी ६०० फुटांवर आहे आणि ५०० यार्डांवर संपर्क तुटला. १५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ते अंतर कापायला साधारण एक मिनिट. मार्क ७ डेप्थ चार्ज सेकंदाला सुमारे १० फूट बुडतो, म्हणजे आणखी एक मिनिट. या दोन मिनिटांत अवघ्या ३ नॉटने चाललेली पाणबुडीही ६०० फूट सरकलेली असते. मजबूत कवच फोडायचं तर चार्ज २० फुटांच्या आसपास फुटायला हवा. वर अनुभवी जर्मन कप्तान धावून येणाऱ्या जहाजाचे पंखे ऐकून नेमक्या क्षणी वेग वाढवून वळायचा.

यावर वॉकर यांनी बसवलेली रीत म्हणजे ‘क्रीपिंग अटॅक’. एक जहाज हजारेक यार्ड मागे राहून एस्डिकने पाणबुडी धरून ठेवतं. तेवढ्या अंतरावरून ती झोताबाहेर जात नाही. दुसरं जहाज आपलं एस्डिक बंद करून जेमतेम ५ नॉटने तिच्या माथ्यावर सरकतं. त्याला दिशा आणि अंतर मागचं जहाज सांगतं. खालच्यांना लांबचे ‘पिंग’ तेवढे ऐकू येतात, डोक्यावर कुणी आलंय याचा पत्ता लागत नाही. चार्ज बुडायला लागणारा वेळ धरून पाणबुडीच्या थोडं पुढे जायचं आणि इशारा मिळताच खोलवर फुटतील असे दोन डझनांच्या आसपास चार्ज ओळीने सोडायचे. स्फोट होईपर्यंत तिला चुकवाचुकवीची संधीच मिळत नाही. यात दोन जहाजं लागतात आणि चार्ज भरपूर खर्च होतात. व्यापारी जहाजांच्या काफिल्यासोबतच्या एकट्या राखणदार जहाजाला हे जमणारं नव्हतं.

हे ज्ञान अचानक आलेलं नाही. १९३७ मध्ये वॉकर पोर्टलंडच्या पाणबुडीविरोधी प्रशिक्षण केंद्रात होते. तरीही युद्धाआधी कॅप्टनपदाची बढती त्यांना नाकारली गेली, आणि पाणबुड्यांविरुद्ध लढायला जहाज मिळालं ते थेट १९४१ च्या शरद ऋतूत.

त्याच डिसेंबरात जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी ७६ काफिल्याची राखण त्यांच्या गटाकडे होती. ३२ व्यापारी जहाजांपैकी २ गेली, ‘ऑडॅसिटी’ हे विमानवाहू जहाज आणि ‘स्टॅनली’ ही विनाशिका गेली, पण राखणदारांनी ४ पाणबुड्या बुडवल्या. त्यांपैकी यू-५७४ ही पाणबुडी वॉकर यांच्या ‘स्टॉर्क’ जहाजाच्या वळणाच्या आतल्या बाजूने गोल गोल वळत राहिली. ती इतकी जवळ होती की तोफांची तोंडं तेवढी खाली वळेनात. शेवटी वॉकर यांनी तिला जहाजाची धडकच दिली.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. जहाजाला टॉर्पेडो लागताच राखणदारांनी बाहेरच्या बाजूला धावून प्रकाशगोळे उडवायचे, ही त्यांची ‘बटरकप’ रीत. पुढे लिव्हरपूलच्या डावपेच केंद्रात विश्लेषण झालं तेव्हा दिसलं की हल्लेखोर पाणबुडी बऱ्याचदा काफिल्याच्या रांगांमध्येच असते. मला ही चूक महत्त्वाची वाटते, कारण नंतरचे वॉकर अंदाजावर चार्ज उधळण्यापेक्षा एकदा लागलेला संपर्क तासन् तास सोडत नाहीत. जून १९४३ मध्ये वॉकर यांचं तेव्हाचं जहाज ‘स्टार्लिंग’ आणि सोबतच्या जहाजांनी यू-२०२ पाणबुडीचा पाठलाग सुमारे १५ तास केला. अखेर तिला वर यावंच लागलं.

क्रीपिंगची खरी परीक्षा फेब्रुवारी १९४४ ची. ३१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या एका फेरीत वॉकर यांच्या दुसऱ्या सपोर्ट ग्रुपने (काफिल्यांच्या मदतीला जाणाऱ्या जहाजांच्या गटाने) ६ पाणबुड्या बुडवल्या, त्यांतल्या ३ तर ८-९ फेब्रुवारीलाच. गटातलं ‘वुडपेकर’ हे जहाज मात्र टॉर्पेडो लागून, ओढून आणताना बुडालं.

९ जुलै १९४४ रोजी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन वॉकर गेले. वय ४८. त्यांचा पाणबुडीदलातला मुलगा टिमथी वर्षभर आधीच गेला होता. त्यांना लिव्हरपूल उपसागरात जलसमाधी दिली ती ‘हेस्पेरस’ या विनाशिकेवरून. त्यांची स्वतःची जहाजं तेव्हा मोहिमेवर होती.