रिकामी कुंडी

आमच्या गच्चीतली एक कुंडी वर्षातले सहा-सात महिने रिकामी दिसते. दिसते म्हणतो, कारण आत कळलावी या फुलवेलीचा कंद झोपलेला असतो. पण आईला मोकळी माती बघवत नाही. "अरे, नुसती माती काय सांभाळतोस? शेवंती तरी लावते त्यात." मग माझा आवाज चढतो, तिचाही. कळलावी या नावामागे खरं तर प्रसूतीच्या कळा आहेत. जुने वैद्य त्यासाठी कंद वापरत. आमच्याकडे मात्र ती दुसरीच कळ लावते, तीही मातीतून वर न येता.

पहिला कंद मी स्वतःच घालवला. मृग लागला तरी काही हलेना, म्हणून खुरपं घेऊन उकरायला गेलो. हा कंद दोन हातांचा, नांगरासारखा वाकडा; संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते उगाच नाही. प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा, आणि माझ्याकडच्या तुकड्याला एकच हात होता. खुरपं निसटतं लागलं, टोक खडूसारखं तुटलं. उरलेला कंद चांगला टणक होता, पण डोळा गेला की संपलं. बटाट्यासारखा दुसरीकडून कोंब फुटत नाही.

मग बिया पेरल्या. रानातली कळलावी औषधासाठी उपटून उपटून कमी होत चाललीय, त्यात आपली भर कशाला? तीन पावसाळे नुसती पानं. पानाचं टोकच लांब होऊन जे सापडेल त्याला वेटोळं घालतं. एकदा कपड्यांच्या दोरीवरचा चिमटा पकडून बसलं होतं. चौथ्या पावसाळ्यात कळी आली, खाली मान घालून. पाकळ्या आधी हिरवट, मग उलट्या वर वळल्या. कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या, टोकांना लाल. गंमत स्त्रीकेसराची. तो काटकोनात बाजूला वळतो, स्वतःच्याच परागांशी अबोला धरल्यासारखा. आई खुर्ची घेऊन समोर बसली. "विषारी आहे ना गं बाई," ती फुलालाच म्हणाली. आहेच. अंगभर कोल्चिसीन नावाचं विष, कंदात तर फारच. मोजून-मापून दिलं तर तेच गाउट या संधिवाताच्या प्रकारावरचं औषध. म्हणून कुंडी उंचावर, आणि कंद हाताळायचा तो हातमोजे घालून.

यंदाही वेल पिवळी पडून वाळली. शेंगा तडकल्या, आतल्या लालभडक बिया काढून ठेवल्या, पाणी बंद केलं. काल बघतो तर कुंडीत एक काडी खोचलेली, वर लाल दोरा बांधलेला.

"तिकडे हात लावू नकोस," आई आतून म्हणाली. "परत उकरशील."