आधी कळलं नाही गो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात विचारता, जत्रेत विचारता, डिचोलीच्या बाजारात बांगडे निवडता निवडता विचारता: तुझ्या बाबूला ब्लड कॅन्सर झालाय ते तुला आधी कळलं नाही गो? आणि लगेच पुढे, कितवी स्टेज होती?

स्टेजचं आधी उरकते. त्याच्या ल्युकेमियाला स्टेज नसते. एका जागी गाठ, मग ती पसरली, असं त्यात नसतंच. रक्त पहिल्यापासून अंगभर असतं. डॉक्टर मुलाचं वय बघतात, पांढऱ्या पेशी ५०,०००च्या वर की खाली ते बघतात, पेशींतले जनुकीय बदल बघतात, आणि सुरुवातीच्या औषधांनी किती पेशी मेल्या ते बघतात.

आता ‘आधी’. गणेशचवथ तोंडावर आली होती, पाऊस थांबत नव्हता, आणि वाड्यावर घराआड एक डेंगीचा पेशंट. बाबूला ताप आला, प्लेटलेट्स ६०,०००. पावसात ताप आणि प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंगी, हे आपल्याकडे स्टँडवरचा मोटारसायकल-टॅक्सीवाला पायलटसुद्धा सांगतो. डेंगीची टेस्ट निगेटिव्ह आली, तर ‘उशिरा केली म्हणून’ असं उत्तर मिळालं, आणि तसं होतंही. पपईच्या पानांचा रस तुमच्यातल्याच दोघीतिघींनी आणून दिला होता, आठवतंय ना? ताप गेला. मग परत आला.

लॅबवाला एरवी रिपोर्ट खिडकीतून सरकवतो. दुसऱ्या खेपेला तो दार उघडून बाहेर आला. पाकीट माझ्या हातात दिलं, पण सोडेना. “वहिनी, घरी जाऊ नका. आधी डॉक्टरकडे. मी फोन केलाय त्यांना.” मशीनने आकडे काढल्यावर त्याने रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती, हे मागाहून समजलं. तिथे त्याला ब्लास्ट दिसले, म्हणजे हाडांतल्या मज्जेतून अर्धवट वाढलेल्या अवस्थेत बाहेर पडलेल्या पेशी.

डॉक्टरांनी बाबूला टेबलावर निजवलं. हिमोग्लोबिन ६.८ होतं. “डेंगीत रक्त दाट होतं,” ते म्हणाले, “इथे उतरत चाललंय.” डाव्या बरगडीखाली बोटं दाबत गेले, प्लीहा वाढून हाताला लागत होती. मग त्याला कुशीवर वळवलं. पाठीवर दोन निळे डाग. नडगीवर असते तर कुणी विचारलंही नसतं, पोरं पडतात. पाठीवर कसा पडेल? “पाय दुखतात म्हणतो? जिना चढतो?”

“कडेवर घे म्हणतो,” मी म्हटलं. “लाडोबा आहे.”

त्या बाईशी मी अजून भांडते. लाडोबा म्हणे! हाडातली मज्जा या पेशींनी ठासून भरली की हाडं दुखतात, पोर चालायला नको म्हणतं. पण तीही उलट बोलते: चार वर्षांचं पोर कडेवर घे म्हणालं, तर कुठली आई रक्त तपासायला धावते? धावली असती तर तुम्हीच हसला असता. आणि मुळात हा आजार चांगल्या हिंडत्याफिरत्या मुलात आधीच शोधून काढणारी तपासणीच नाही. दोन ते पाच या वयात तो सगळ्यात जास्त दिसतो, पण तो का झाला ते बहुतेक वेळा सापडत नाही. मी काय खाल्लं होतं, हेही म्हणून विचारू नका.

बांबोळीला, सरकारी इस्पितळात, कमरेच्या हाडातून मज्जा काढली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायदुखीला संधिवात समजून कुणी स्टिरॉइड दिलं नाही ते बरं झालं. त्याने पेशी तात्पुरत्या दबतात आणि निदान लांबतं. मग परळ, टाटा, अडीच वर्षं औषधं. ते तुम्हाला ठाऊक आहे.

विचारायचंच असेल तर तुमच्या पोरांचं विचारा. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखून उलटी होते, अंघोळ घालताना पोटात गोळा लागतो, गुडघा रात्री ठणकतो आणि खेळात लागलं म्हणून महिनाभर तेल चोळणं चाललंय. यातलं बहुतेक वेळा काही निघत नाही, पण कधी कधी तो पोरांतला दुसरा एखादा कॅन्सर असतो, म्हणून दाखवायला जा.

पपईच्या रसात गेलेल्या दिवसांनी काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायचं माझ्या मनात आहे.