भंडाऱ्यात कॅमेरा न्यायचा असेल तर

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, सोमवतीला जेजुरीला चाललेय, पहिल्यांदाच, कॅमेऱ्याला काय गुंडाळू? तिला फोनवर अर्धा तास सांगितलं आणि मग वाटलं हे एकदा नीट लिहूनच ठेवावं, कारण दरवेळी गडाच्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी नवाकोरा कॅमेरा उघडाच गळ्यात अडकवून चढताना दिसतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

माझी पहिली लेन्स तिथेच गेली. सोमवारी अमावस्या आली की खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानाला निघते, आणि ती निघताना देवळासमोरच्या त्या मोठ्या पितळी कासवाच्या आजूबाजूला जी उधळण होते ती फोटोत बघून कळत नाही, समोरचा माणूस दिसेनासा होतो इतका भंडारा हवेत असतो. मी 18-55 ची झूम लेन्स लावून मधोमध उभी होते, पुढे एक फिल्टर होता, त्यामुळे काच वाचली म्हणून निश्चिंत होते, आणि तासभर सतत झूम आत-बाहेर करत राहिले. दोन दिवसांनी झूम फिरवताना करकर आवाज यायला लागला आणि चौथ्या दिवशी रिंग अडकलीच. दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्यासमोर रिंगवरचं रबर नखाने उचलून मागे सरकवलं तर खालच्या एकेका खाचेत पिवळी रेघ. मग आतली नळी बाहेर काढली, तिच्यावरच्या ग्रीसमध्ये हळद कालवली गेली होती, लोणच्याच्या बरणीच्या काठाला खार चिकटून वाळतो ना, अगदी तसा थर. काका म्हणाले, "ताई, ही धूळ असती तर झटकून दिली असती."

मुद्दा हाच आहे. भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीत तेलाचा अंश असतो, ती मातीसारखी नुसती पडून राहत नाही, चिकटते, आणि घाम लागला की तिचा लेप होतो. आणि ती आत गेली ती मीच आत ओढली होती. जी लेन्स झूम करताना लांब होते तिच्या पोटातली जागा वाढते, मग ती बाहेरची हवा आत खेचते, आणि हवेत तर सगळा भंडाराच. म्हणून आता मी एक फिक्स, म्हणजे झूम नसलेली, लेन्स नेते, 35 एमएमची, गडावर गर्दीत तेवढी पुरते, आणि लांबचे फोटो हवे असतील तर अशी 70-200 ची लेन्स, ज्यात झूम आतल्या आत होतं, बाहेरून लांबी बदलत नाही, ती दुसऱ्या बॉडीवर (म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर) घरूनच लावून. दुसरी बॉडी नसेल तर एकच लेन्स न्या पण तिथे लेन्स बदलू नका, ओवरीत आडोशाला जाऊनसुद्धा नको, तुमच्या केसांत आणि बाह्यांवर जे असतं तेच सेन्सरवर पडतं.

कॅमेरा पायथ्याशी नाही, घरीच बांधायचा. भरलेली बॅटरी, मोठं कार्ड, म्हणजे दिवसभर ती झाकणं उघडावी लागत नाहीत. मग झाकणांच्या फटींवर, फ्लॅश लावायच्या जागेवर, माइकच्या भोकांवर कागदी मेडिकल टेप. वरून जाड पारदर्शक पिशवी, तिला पुढे भोक पाडून ते हुडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या कड्याच्या) कडेवर ओढायचं आणि रबर बँडने दोन वेढे घट्ट आवळायचे. मागे डोळ्याचं रबर काढून, पिशवीला चीर देऊन, प्लॅस्टिकच्या वरून रबर परत बसवायचं, मग व्ह्यूफाइंडर उघडा राहतो पण फट राहत नाही. हुड काढू नका, भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे येतात आणि ते जोरात लागतात. वेदर सील्ड बॉडी असेल तरी हे सगळं करायचंच, ते सील थोड्याफार पावसापुरतं असतं, डायलच्या खाचांत बसणाऱ्या पुडीला ते अडवत नाही. आणि हवेतल्या पिवळ्या पडद्यामुळे ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा अंतर ठरवून मॅन्युअलला ठेवलेलं बरं.

मला हे बांधणं इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. एका वर्षी एक आजी, कपाळ पूर्ण मळवट भरलेलं, माझ्यासमोर आल्या, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाल्या, "लेकी, तुझ्या यंत्रालाबी लावते, त्याच्यावरच पोट हाय ना तुझं." आणि चिमूट घेऊन बरोबर लेन्सच्या वर बोट टेकवलं. कॅमेरा बांधलेला होता म्हणून मी पुढे केला. उघडा असता तर माझा हात नक्की मागे गेला असता, आणि देवाचा भंडारा कुणी लावायला आलं असताना मागे सरकणं मला जन्मभर लागलं असतं.

उतरल्यावर गडबड नको. पिशवी न सोडता कॅमेरा घरी आणायचा, आधी स्वतः अंघोळ करायची, मग गॅलरीत बसून पिशवीवरचं झटकायचं, मग सोडायची. पहिल्यांदा ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), कॅमेरा उलटा धरून, मग कोरडा मऊ ब्रश, आणि सगळं उडाल्यावरच कापड. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब पडला की लेप. ओला रुमाल तर अजिबात नको, हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो, अल्कोहोलवाल्या लेन्स क्लीनरने मात्र सुटतो. शेवटी f/16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढून ठिपके दिसतात का बघा, ब्लोअरनेही गेले नाहीत तर सेन्सर स्वतः पुसायला जाऊ नका, जाणकाराकडे द्या. पिवळा पडलेला पट्टा मात्र धुऊन उन्हात टाका, हळदीचा डाग उन्हाने विटतो.

आणि पिशवी झटकताना खाली पेपर अंथरा. आई तो भंडारा मोरीत जाऊ देत नाही, पेपरची घडी करून सगळा तुळशीत ओतते, आणि चिमूटभर देव्हाऱ्यातल्या डबीत.