कॉम्प्युटरनं बोलायचं नाही

कागदी प्रोटोटाइपचं, म्हणजे ॲपचे पडदे कागदावर काढून ते माणसांवर तपासायचं, ट्युटोरियल असतं त्या दिवशी आमच्या लॅबमधले सगळे मॉनिटर बंद असतात. टेबलांवर कार्डशीट, कात्र्या, गोंद आणि स्केचपेनं पसरलेली. शेजारच्या लॅबमधले सहकारी दारातून डोकावतात आणि "आज चित्रकला वाटतं?" म्हणून पुढे जातात. ह्यूमन कॉम्प्युटर इंटरफेस, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार, हा आमच्याकडे तिसऱ्या वर्षाचा ऐच्छिक विषय. कोडिंग कमी आहे म्हणून बरीच मुलं तो घेतात आणि व्हायवाला जेकब नील्सन यांची चांगल्या इंटरफेसबद्दलची १९९४ ची दहा तत्त्वं पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. त्यातलं एखादं तत्त्व समोर टेबलावर मोडलेलं दिसलं तर ते ओळखू येत नाही, ही खरी अडचण.

ट्युटोरियलची रीत साधी आहे. गटात चौघं: एक सूत्रधार, एक कॉम्प्युटरचं काम करणारा, दोघं नोंदी घेणारे. वापरणारी व्यक्ती कागदावर जिथे बोट ठेवेल त्याप्रमाणे कॉम्प्युटरनं पुढचा कागद सरकवायचा. बोलायचं नाही, हसायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. बटण नाही तिथे बोट पडलं तर दगडासारखं बसून राहायचं. सूत्रधारानं काम सांगायचं आणि माणूस गप्प झालाच तर "मनात काय चाललंय ते बोलत राहा" एवढंच म्हणायचं. इंटरफेस तपासताना माणसाला असं मोठ्यानं विचार करायला लावायची पद्धत आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली मांडली. तिला साधनं फारशी लागत नाहीत. गप्प बसता येणारी चार माणसं लागतात, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात मिळत नाहीत ती नेमकी तीच.

त्या दिवशी एका गटानं मेसचं ॲप आणलं होतं. कॉलेजसमोरच्या मेसमधून बरीच मुलं डबा घेतात. गावी जाताना खाडा सांगायचा, महिनाअखेरीला खाड्यांवरून वाद घालायचा, हे नेहमीचं. त्यावर ॲप. मुलांसाठीचा भाग त्यांनी मित्रांवर तपासून घेतला होता. मेसवाल्यांचा भाग कोणावर तपासला, असं विचारल्यावर चौघंही एकमेकांकडे बघू लागले. मग दुपारची गर्दी ओसरल्यावर खुद्द मेसच्या काकूंनाच बोलावलं.

सूत्रधार मुलीनं ठरल्याप्रमाणे सांगितलं, "काकू, ही तुमची परीक्षा नाही, आमच्या कागदांची आहे. कंटाळा आला तर केव्हाही उठा." काकू म्हणाल्या, "माझी असली तरी चालेल. पण पाचच्या आत सोडा, कणीक मळायचीय."

पहिलं काम होतं एका मुलाचा उद्या दुपारचा खाडा लावायचं. समोर नावांची यादी, आडनावांच्या क्रमानं, शेजारी गोल फोटो. काकूंनी यादी वरून खाली वाचली, परत वर आल्या. "हा कितव्या नंबरचा?" मेसच्या प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं नंबर घातलेला असतो. काकू, भरणाऱ्या बाया, डबे पोचवणारा, सगळे त्या नंबरावरच चालतात. यादीत नंबर कुठेच नव्हता. सूत्रधाराचा हात आपोआप पुढे निघाला. मी तिला हात मांडीखाली ठेवायची खूण केली. समोरचा माणूस अडलाय आणि आपल्याला उत्तर माहीत आहे, अशा वेळी गप्प बसणं आपल्याकडे उद्धटपणाच समजतात. पण मदत केली की नोंदवहीत 'काम पूर्ण' असं पडतं आणि ते खोटं असतं.

मग काकूंनी कागदावरची नजर उचलून थेट कॉम्प्युटरकडे बघितलं. "अरे, सतरा नंबर तूच ना? रोज लोणचं जास्त टाका म्हणून चिठ्ठी पाठवतोस, आणि आता तोंडाला कुलूप?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला, पण बोलला नाही. आयबीएममधल्याच जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी, ऐकून टाइप करणाऱ्या यंत्राचा प्रयोग केला होता (१९८३ मध्ये प्रसिद्ध झाला). यंत्र अजून बनलेलंच नव्हतं. यंत्राचं काम टंकलेखक करत होता. पण त्यांनी त्याला दुसऱ्या खोलीत बसवला होता. आमचा मात्र लोणच्याच्या चिठ्ठ्यांसकट समोरच.

खरी गंमत मुख्य पडद्यावर झाली. तिथे मोठं रंगीत वर्तुळ: आज किती जेवणार, किती खाडे. गटाला त्या वर्तुळाचा भारी अभिमान होता. काकूंनी ते बघितलं आणि कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. तारीख बटण नव्हती, कॉम्प्युटर हलला नाही. पुन्हा बोट, जरा जोरात. मग बोट डावीकडे सरकवून बघितलं, दिनदर्शिकेचं पान उलटावं तसं. काहीच झालं नाही. "उद्याचं कुठंय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आजचं घेऊन काय करू? आजचं जेवण झालंसुद्धा."

उद्याचा खाडा रात्री बारापर्यंत लावता येईल, असं गटानं ठरवलं होतं. तारीख बदलते बाराला, म्हणून मुदत बाराची. सूत्रधारानं तो नियम वाचून दाखवला तेव्हा काकूंना हसू आलं. "उद्या दुपारी मटकीची उसळ आहे. मटकी आज सकाळीच भिजत घातली, रात्री फडक्यात बांधणार. बारा वाजता तू मला खाडा सांगणार, तेव्हा तिला मोड आलेले असतील."

नोंदी घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. नील्सन यांच्या यादीतलं दुसरं तत्त्व, प्रणाली आणि बाहेरचं जग यांचा मेळ, तिनं आदल्याच आठवड्यात मला खडाखडा सांगितलं होतं. त्या जगात दिवस मटकी भिजवण्यापासून सुरू होतो, हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं.

शेवटी प्रश्नावली. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे ते मोजणारी, जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली दहा विधानांची मोजपट्टी आम्ही मराठीत करून वापरतो. 'अजिबात पटत नाही'ला एक, 'पूर्ण पटतं'ला पाच. काकूंनी पहिल्याला पाच दिले. दुसऱ्यालाही पाच. "काकू, यात 'उगाच किचकट आहे' असं लिहिलंय," सूत्रधार म्हणाली. "असू दे गं, पाचच लिही. किती कात्रणं केलीत पोरांनी!" दहाही विधानांना पाच-पाच देऊन काकू कणीक मळायला गेल्या.

गटाला वाटलं, शंभर गुण. मी हिशोब फळ्यावर करायला लावला. या मोजपट्टीत विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची आणि सम क्रमांकाची तक्रारीची असतात. विषम विधानांच्या उत्तरातून एक वजा करायचा, सम विधानांचं उत्तर पाचातून वजा करायचं, बेरजेला अडीचनं गुणायचं. पाच विधानांचे चार-चार म्हणजे वीस, उरलेल्या पाचांचे शून्य. वीस गुणिले अडीच, पन्नास. सगळ्याला 'हो' म्हणणाऱ्या भल्या माणसाचा आकडा बरोबर मधोमध येतो. मला ही रचना फार आवडते. लोकांना तोंडावर वाईट बोलवत नाही, हे तिनं हिशोबात धरलेलं आहे.

चर्चेत एकानं लिहिलं होतं, 'काकूंना ट्रेनिंग द्यावं लागेल.' हे वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहितंच आणि मी ते दरवर्षी खोडते. मेसचा इतका पसारा बिनचूक चालवणाऱ्या बाईला शिकवायला निघण्याआधी संध्याकाळी तासभर तिच्या भटारखान्यात उभं राहा, असं सांगितलं. ते खरोखर गेले. परत आले ते डब्यांच्या नंबरांचे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आणि तिच्यावरच्या पेन्सिलीच्या फुल्यांचे फोटो घेऊन.

पुढच्या ट्युटोरियलला नवे कागद आले. वर्तुळ गेलं होतं. पानभर फक्त उद्याचा आकडा, खाली नंबरांची पाटी, तारीख डावी-उजवीकडे सरकणारी, आणि खाड्याची मुदत काकूंनी स्वतः ठरवायची. काकूंनी सतरा नंबरचा खाडा एका दमात लावला, काढला, पुन्हा लावला. मग विचारलं, "आणि पाहुणा असला तर? कुणाचे वडील येतात, कुणाचा भाऊ येतो. एक डबा वाढतो तो कुठं लावू?"

सूत्रधारानं कॉम्प्युटरकडे बघितलं. त्याच्यासमोरच्या गठ्ठ्यात तसा कागदच नव्हता. नियमाप्रमाणे त्यानं दगडासारखं बसून राहायला हवं होतं.

"काकू," तो म्हणाला, "शनिवारी माझाच भाऊ येतोय." आणि कार्डशीट कापायला कात्री शोधू लागला.