ट्रॅमाडॉल सोडताना शेवटच्या गोळ्या का नडतात

कंबर, गुडघे किंवा मज्जातंतूंच्या जुन्या दुखण्यावर ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं) वेदनाशामक वर्षभर किंवा जास्त चाललं असेल आणि पेशंटलाच ते कमी करायचं असेल, तर वेगाचा साधा नियम आहे: चालू डोसच्या साधारण १० टक्के, महिन्याला एकदा, किंवा त्याहून सावकाश. अडचण येते ती स्ट्रिपमध्ये. कॅप्सूल ५० मिलिग्रॅमची. दिवसाला चार घेणाऱ्याने एक सोडली की २५ टक्के कपात, पुढची सोडली की ३३, त्यापुढची सोडली की थेट निम्मी. म्हणून पहिली कॅप्सूल सहज सुटते आणि शेवटच्या दोन सुटता सुटत नाहीत. त्यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नसतो, गणितच तसं असतं.

यावर डॉक्टरांशी बोलून करण्यासारखा एक उपाय: ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र गोळी मिळते. एका वेळची कॅप्सूल काढून तिथे ही गोळी. २०० चे १८७.५ होतात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या वेळची बदलली की १७५, मग १६२.५, मग १५०. त्यानंतर अर्ध्या गोळ्या, म्हणजे १८.७५ ची पायरी. ही पायरी १० टक्क्यांहून मोठी पडते, म्हणून तिला दोन महिने द्यावेत. सुरुवात कुठल्या वेळेपासून करायची ते पेशंटने ठरवावं. बहुतेक जण दुपारची निवडतात, रात्रीची शेवटी ठेवतात. चार गोळ्यांत १३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जातं, तेव्हा सर्दीच्या गोळीतलंही मोजा. लिव्हरचा त्रास असेल तर हा मार्ग डॉक्टरांना विचारूनच.

‘एक दिवस घ्या, एक दिवस सोडा’ हा शेजारपाजारचा सल्ला मात्र नकोच. हे औषध सुमारे सहा तासांत रक्तात निम्मं उरतं, त्यामुळे दिवसाआड घेणारा दिवसाआड विड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास, भोगतो. कॅप्सूल उघडून पावडर अंदाजाने कमी करणंही नको.

त्रास शेवटच्या डोसनंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो: जांभया, नाक गळणं, घाम, अंगावर काटा, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं, झोप उडणं. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरही काम करतं, म्हणून काहींना घबराट होते, शॉक बसल्यासारखं वाटतं. दुखणंही वाढतं, पण बहुधा सगळं अंग ठणकतं, नेहमीची जागाच नव्हे. ‘आजार बळावला’ म्हणून लगेच जुना डोस घेण्याआधी एवढं तपासा. एक-दोन आठवड्यांत ओसरत नसेल तर त्याच पायरीवर थांबा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे घरच्यांनी आधी मान्य करायला हवं.

घरच्यांचं काम पहारेकऱ्याचं नाही. आठवड्याचा डबा भरून द्या. ‘आज किती दुखतंय?’ असं दर तासाला विचारण्यापेक्षा जिने चढता आले का, झोप लागली का ते लिहून ठेवा. फिजिओथेरपी कपातीच्या आधी सुरू करा. इंग्लंडमधल्या ६०८ जणांच्या आय-वॉच अभ्यासात गटात शिकवणी आणि नर्सची साथ मिळालेल्यांपैकी २९ टक्के वर्षभराने ओपिऑइड पूर्ण सोडू शकले, नुसती माहिती मिळालेल्यांपैकी ७ टक्के. दुखण्याचा रोजच्या कामात येणारा अडथळा दोन्ही गटांत सारखाच राहिला.

कपातीनंतर शरीराची सवय उतरते. वाईट दिवशी जुना डोस घेतला, त्यावर दारू किंवा झोपेची गोळी, तर श्वास मंदावू शकतो. फिट येण्याचा इतिहास किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर कपात तिथेच थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे, केमिस्ट प्रिस्क्रिप्शनशिवाय देणार नाही. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच कागद घ्या, नाहीतर कपात आपोआप एकदम होते. आणि ब्रँड बदलून मिळाला तर नावापुढे ‘एसआर’ आहे का बघा: ती गोळी सावकाश विरघळणारी असते, तोडली की सगळं औषध एकाच वेळी सुटतं.