बुसेमी नावाचा नमुना

स्टीव्ह बुसेमी हे नाव माहीत नसेल तरी त्याचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. उलटी टोपी, खांद्यावर स्केटबोर्ड, आणि डोळे बाहेर आलेला एक पन्नाशीचा गडी शाळेच्या पोरांमध्ये जाऊन 'काय मग मित्रांनो' थाटात उभा. '३० रॉक' नावाच्या सिरीयलमधला २०१२ चा सीन आहे, काही सेकंदांचा, आणि मीम म्हणून अजून फिरतोय. चार दशकं काम केलेल्या नटाला लोक ह्या एवढ्याशा तुकड्यावरून ओळखतात म्हणून वाईट वाटायला हवं खरं तर, पण त्याचं करिअर बघितलं तर सगळं असंच तुकड्यातुकड्यांनी उभं राहिलंय.

ब्रुकलिनचा जन्म, १९५७. वडिलांनी मागे लागून फायर ब्रिगेडची परीक्षा द्यायला लावली आणि १९८० ते ८४ हा माणूस न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत, इंजिन कंपनी ५५ मध्ये चक्क आगी विझवत होता, जोडीला स्टँडअप आणि छोटी छोटी नाटकं. २००१ मध्ये ट्विन टॉवर्स पडले तेव्हा दुसऱ्या दिवशी हा आपल्या जुन्या कंपनीत हजर झाला आणि बारा बारा तास ढिगारा उपसत बसला, कुठे गाजावाजा नाही. हे एवढं सांगून पुढे जातो कारण मला बोलायचंय ते त्याच्या अ‍ॅक्टिंगबद्दल.

विक्षिप्त रोल करणारे नट खूप आहेत, आणि त्यातले बहुतेक 'बघा मी किती विक्षिप्त' असं दाखवत फिरतात, डोळे फिरव, आवाज काढ, मान वाकडी कर. बुसेमीचं तसं नाही. त्याच्या पात्रांना आपण विचित्र आहोत ह्याचा पत्ताच नसतो. त्यांच्या मते जगात शहाणे तेच एकटे आणि बाकी सगळे मूर्ख, आणि हे ते तावातावाने पटवून देत असतात. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' (१९९२) मधला मिस्टर पिंक घ्या. दरोडा घालायला निघालेत आणि हा वेट्रेसला टिप का द्यायची नाही ह्यावर लेक्चर झोडतोय! बरं नुसता चिंधी नाही हां, त्याच्याकडे मुद्दे आहेत, आणि आपण ऐकता ऐकता जरा डुलायलाच लागतो. पुढे सगळं फिसकटल्यावर त्या अख्ख्या गँगमध्ये डोकं ठिकाणावर असलेला हाच एक निघतो. (दोन वर्षांनी 'पल्प फिक्शन' मध्ये हाच माणूस बडी हॉली ह्या जुन्या रॉक गायकाच्या वेशात वेटर म्हणून ऑर्डर घ्यायला येतो. दोन्हींचा डायरेक्टर टॅरँटिनो, त्याने बरोबर उट्टं काढलं.)

पण कोएन बंधू ह्या डायरेक्टर जोडीने त्याला जसं वापरलं तसं कुणीच नाही. 'बार्टन फिंक' (१९९१) मध्ये हॉटेलात हीरो काउंटरवरची बेल वाजवतो, बेल घुमतच राहते, घुमतच राहते, मग जमिनीतली झडप उघडते आणि हातात बूट घेऊन बुसेमी वर येतो आणि बोट टेकवून बेल बंद करतो. बास, एवढंच, आणि हॉटेल कसलं आहे ते कळलं.

आणि मग 'फार्गो' (१९९६). त्यात हा अपहरण करणारा गुंड आहे, आणि पोलीस साक्षीदार पोरींना विचारतात की तो कसा दिसत होता, तर त्यांना एकच सांगता येतं, दिसायला गमतीशीर होता. कसा गमतीशीर? असाच, गमतीशीर. आता ह्यात नटाचा अपमान आहे की कौतुक, देव जाणे, पण ह्याने ते गळ्यात मेडल घातल्यासारखं मिरवलंय. पार्किंगवाल्याशी चार डॉलरवरून घातलेला वाद बघा, गाडी लावलीच नाही तर पैसे कसले म्हणून. आणि नंतर जबड्याला गोळी लागलेली, रक्त गळतंय आणि हा लाखो डॉलर भरलेली बॅग बर्फात पुरतो. पुरून झाल्यावर डावीकडे बघतो, कुंपण. उजवीकडे बघतो, तेच कुंपण, तसेच खांब, लांबपर्यंत. मग खूण म्हणून काचेवरचा बर्फ खरवडायची ती टीचभर पट्टी रोवतो आणि निघतो. एक शब्द नाही, पण ह्या माणसाचं काही खरं नाही हे आपल्याला कळतं, त्यालाच तेवढं कळत नाही.

दोन वर्षांनी 'बिग लेबोव्स्की' मध्ये कोएननीच त्याच बडबड्याला डॉनी बनवून अख्खा पिक्चर गप्प बसवलंय, तोंड उघडलं की त्याचा मित्र झालेला जॉन गुडमन डाफरलाच.

माझा सगळ्यात आवडता मात्र 'घोस्ट वर्ल्ड' (२००१) मधला सीमोर. जुन्या रेकॉर्ड्स जमवणारा एकटा माणूस, दोन पोरी खोटा फोन करून त्याला डेटला बोलावतात आणि लांबून मजा बघत बसतात. दुसरा कुणी असता तर दया येईल असा केला असता, बुसेमी त्याला चिडका ठेवतो, ट्रॅफिकमध्ये लोकांवर खेकसणारा, आणि त्यामुळेच तो जास्त लागतो. ह्यासाठी गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन मिळालं, ऑस्करवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आजतागायत एकही ऑस्कर नॉमिनेशन नाही त्याला!

'बोर्डवॉक एम्पायर' (२०१०-१४) ह्या सिरीयलमध्ये मेन रोल मिळाला, गोल्डन ग्लोबही मिळाला, आणि चांगलंच केलंय, पण मला तिथे तो थोडा बांधल्यासारखा वाटतो. सूट, दरारा, सगळं ठीक, तरी हा माणूस वाद घालताना जो रंगतो तो हुकूम सोडताना रंगत नाही.

ते दोन्ही एकत्र बघायचं तर 'डेथ ऑफ स्टॅलिन' (२०१७). स्टॅलिननंतर सोव्हिएत रशियाची सत्ता मिळवणारा क्रुश्चेव्ह झालाय आणि बोलतो चक्क ब्रुकलिनी इंग्रजी. आधी कुठल्या जोकला स्टॅलिन हसला ह्याची रात्री बायकोकडून नोंद करून घेणारा, सूटच्या आत पायजमा तसाच ठेवून धावत आलेला विदूषक, आणि शेवटाकडे गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया ह्याचा काटा काढताना त्याच चेहऱ्याची भीती वाटायला लागते. कुठल्या सीनपासून वाटायला लागली ते मला अजून पकडता आलेलं नाही, कुणाला सापडलं तर कळवा.